रेशनकार्डावरची सगुणा

घरी परतायचं ठरलं ते गुलाबाच्या शेडमध्ये. इथिओपियात, आदिस अबाबापासून तासाभराच्या वाटेवर, एका फुलशेतीच्या कंपनीत मी ठिबक आणि फवाऱ्यांचं काम बघायचो, आणि हिरुत फुलांची प्रतवारी करणाऱ्या बायकांवर मुकादम होती. आमच्या लग्नाला वर्ष झालं होतं. तिथल्याच नगरपालिकेत, दोन साक्षीदार आणि एक शिक्का एवढ्यात उरकलेलं लग्न. एका सकाळी देठाच्या लांबीप्रमाणं गुलाब वेगळे करता करता ती माझ्याकडं न बघताच म्हणाली, "माझ्या घरातली कोंबडीसुद्धा तुला ओळखते. तुझं घर खरंच आहे, का नुसतं सांगतोस?" दुपारी मी साहेबांना जाऊन सांगितलं, करार वाढवू नका.

हा दोन हजार चार-पाचच्या हिवाळ्यातला प्रवास. तेव्हा लिहून ठेवायचं सुचलं नाही. आता ब्लॉग सुरू केल्यापासून बाहेर राहणारी आपली पोरं विचारत असतात, "दादा, बायको तिकडची आहे, आणायची कशी?" त्यांच्यासाठी हे सविस्तर. ज्यांना नुसतं माळशेजवरून जुन्नरकडं जायचं आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही, रस्ता तोच आहे.

आधी कागद. भारतीय नवऱ्याच्या बायकोला प्रवेशाचा व्हिसा मिळतो, पर्यटकाचा घेऊ नका. लग्नाचा दाखला इंग्रजी भाषांतरासह लागतो आणि दोन्हींवर शिक्का लागतो. आफ्रिकेतून येत असाल तर पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड जिवापाड जपा. ते नसलं तर विमानतळावरूनच तुम्हाला काही दिवस वेगळं नेऊन ठेवतात, तिथं जावयाचा मान नाही आणि सुनेचाही नाही. नवऱ्याच्या पत्त्याचा पुरावा जवळ असावा म्हणून मी तात्यांना, म्हणजे वडिलांना, कळवलं. महिन्याभरानं रजिस्टर पाकीट आलं. आत रहिवासी दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि तात्यांच्या अक्षरात चार ओळी: फोटो पोचला. सून पसंत आहे. कार्यक्रम केला. लवकर या.

कार्यक्रम म्हणजे गावजेवण घातलं असणार, असं मी धरलं. झेरॉक्सवर गोल शिक्का आहे का, माझं नाव आहे का, एवढं बघितलं आणि कागद फायलीत टाकला. पुढचं सगळं रामायण घडलं ते त्या न वाचलेल्या कागदामुळं.

विमानात हिरुत खिडकीशी बसली होती. तिच्या देशात वर्षाचे महिने तेरा, आणि साल आपल्यापेक्षा सात-आठनं मागं. मी तिला म्हटलं, "मुंबईत उतरशील तेव्हा सात वर्षांनी मोठी झालेली असशील."

"आणि तू?"

"मी आहे तेवढाच."

"ते दिसतंच आहे," म्हणाली आणि शाल ओढून झोपली. (आम्ही आपसात मोडकं इंग्रजी आणि तिची अम्हारिक यांची खिचडी बोलायचो. इथं सगळं मराठीतच देतो.) पहाटे समुद्र दिसायला लागला. खाली मुंबईचे दिवे एकेक करून मालवत होते, आणि अर्धवट झोपेत मला वाटत होतं की आपण कुठं उतरतच नाही आहोत, गाव आपोआप वर येतंय. असं सुख पुन्हा मिळायला सहावा दिवस उजाडावा लागला.

पासपोर्टच्या तपासणीला भारतीयांची रांग वेगळी, परदेशी लोकांची वेगळी. मी हिरुतच्या रांगेत तिच्यासोबत उभा राहिलो, तसं चालतं. खिडकीतला अधिकारी तरुण होता. त्यानं व्हिसा बघितला, लग्नाचा दाखला बघितला, मान हलवली. शिक्का उचललासुद्धा. आणि तेवढ्यात मी माझं शहाणपण दाखवलं. "साहेब, पत्त्याचा पुरावाही आहे," म्हणून न मागता रेशनकार्डाची झेरॉक्स पुढं सरकवली. सरकारी माणसापुढं जेवढे कागद जास्त तेवढं बरं, हे आमच्या गावाकडचं ज्ञान. तुम्ही असं करू नका.

त्यानं ती वाचली. मग शिक्का खाली ठेवला.

"तुम्ही दत्तात्रय?"

"हो."

"भाऊ आहे?"

"नाही. एकटाच."

"मग ही सगुणा कोण? वय पंचवीस. नातं, सून."

मी कागद हातात घेतला. कुटुंबप्रमुख तात्या, खाली पत्नी शांताबाई म्हणजे माझी आई, मग मुलगा दत्तात्रय, आणि त्याच्या खाली स्वच्छ अक्षरात: सगुणा, सून. "मला माहीत नाही," असं मी म्हटलं. जगात कुठल्याही नवऱ्यानं बायकोविषयी द्यावं असं हे उत्तर नाही.

"घरी एक बायको असताना दुसरी आणताय?" अधिकाऱ्यानं इंग्रजीत विचारलं, आणि ते हिरुतला नीट कळलं.

आम्हाला भिंतीलगतच्या बाकावर बसवलं. पासपोर्ट आत गेले. हिरुत माझ्यापासून दोन वीत अंतरावर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. तिनं एकच प्रश्न विचारला, "सगुणा कोण?" मी देवाशपथ सांगितलं, माहीत नाही. "तुझ्या घरच्या कागदावर तुझी बायको लिहिलेली आहे आणि तुला ती माहीत नाही?" मला खरंच भीती वाटली. तात्यांनी जुन्या कुणाला शब्द दिलेला असेल, माझ्या नावानं कुणाची पोरगी घरात आणून ठेवली असेल, नाही नाही ते डोक्यात यायला लागलं.

तासाभरानं एक वरिष्ठ बाई आल्या. चष्मा, कपाळाला बारीक टिकली. त्यांनी मला गाव विचारलं. आंबेगाव तालुका म्हटल्यावर त्या जरा हसल्या.

"तुमच्याकडे सुनेचं नाव बदलतात ना अजून?"

"बदलायचे बाई. पण हिला तर त्यांनी बघितलंही नाही."

"न बघता बदललं असेल. माझंही बदललं होतं, पण माझ्या पासपोर्टवर ते आहे." मग त्या हिरुतकडं वळल्या आणि सावकाश इंग्रजीत समजावलं की कदाचित सगुणा म्हणजे तूच आहेस. हिरुतचा त्यावर काडीचा विश्वास बसला नाही, तसं तिच्या तोंडावर दिसत होतं. बाईंनी शिक्का मारून दिला आणि मला बाजूला घेऊन बजावलं, "चौदा दिवसांत पुण्याला जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात हिची परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायची. तिथं रेशनकार्ड मागतील. त्यावर दुसरं नाव असेल तर अडकाल, आणि मुदत टळली तर हिला परत जावं लागेल. आधी घरी जाऊन हे निस्तरा."

बाहेर बबन उभा होता. माझा शाळेतला मित्र, त्याची वडापची, म्हणजे माणशी भाड्यानं प्रवासी नेणारी, जीप. मुंबई ते आमचं गाव, डिझेल आणि वरखर्च धरून बावीसशेत त्यानं आणलं. आजच्या हिशेबानं चौपट धरा. "वैनी, जय महाराष्ट्र!" म्हणत त्यानं बॅगा टपावर बांधल्या. कल्याण, मुरबाड करत दुपार व्हायच्या आत आम्ही माळशेजच्या पायथ्याला आलो.

पावसाळ्यात माळशेज बघायला सगळेच जातात. मी सांगेन, थंडीत जा. धबधब्यांच्या जागी कातळावर नुसते ओले पट्टे राहिलेले असतात, डोंगरभर गवत पिकून सोनेरी झालेलं असतं, आणि धुकं दरीतून वर न येता दरीतच बसून असतं. बोगद्याच्या अलीकडं आम्ही थांबलो. हिरुत कठड्याशी जाऊन उभी राहिली. तिचं गावही असंच उंचावर, कड्याच्या काठाला आहे. मला वाटलं, आता बोलेल, आपल्या गावासारखं आहे म्हणेल.

"माझ्याकडं परतीचं तिकीट आहे," ती दरीकडं बघत म्हणाली. "घरात सगुणा निघाली, तर याच गाडीनं मी परत जाणार."

"आणि नाही निघाली तर?"

"तर मला सांग, माझं नाव कुणी काढून घेतलं?"

तिचं पूर्ण नाव हिरुत देमिस्से. देमिस्से तिचे वडील. तिच्या देशात बाई लग्नानंतर नाव बदलत नाही. पहिलं नाही आणि वडिलांचंही नाही, मरेपर्यंत. हे मला माहीत होतं, आवडायचंही. पण आमच्याकडं नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो आणि भोवतीच्या बायका टाळ्या वाजवतात, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे, असंच कधी वाटलं नव्हतं.

"वैनी काय म्हनत्यात?" बबननं विचारलं.

"घाट आवडला म्हणतात."

घाट संपला की डाव्या हाताला पिंपळगाव जोग्याच्या धरणाचं पाणी लागतं. दूरवर पसरलेलं, स्तब्ध, त्यात डोंगर उलटे उतरलेले. रस्ता बराच वेळ त्या पाण्याच्या संगतीनं जातो. एवढं वाईट चाललेलं असूनही मला वाटत होतं की ही वाट अशीच राहावी, घर येऊ नये. ओतूरला मिसळ खाल्ली, पंधरा रुपये प्लेट, तिखट आणि चोख. हिरुतचा नाताळाच्या आधीचा उपास होता, त्यांचा नाताळ आपल्या जानेवारीत येतो. या उपासात मांस, अंडी, दूध, तूप काही चालत नाही. मिसळ चालली, वरचं दही तिनं माझ्या ताटलीत सरकवलं. भांडण चालू असताना दही मिळालं, मी तेवढ्यावरही समाधानी होतो.

आळेफाट्यावरून नगरच्या रस्त्याला लागलो तर बेल्ह्यात बाजार. ज्यांना वेळेत पोचायचं आहे त्यांनी बेल्ह्याचा बाजाराचा दिवस टाळावा, आणि ज्यांना वेळ आहे त्यांनी मुद्दाम गाठावा. टेंपोच टेंपो, त्यातून उतरणारे बैल, मोटरसायकलवर मागं करडू धरून बसलेली माणसं. अर्धा तास जीप हललीच नाही. हिरुत दार उघडून उतरली आणि सरळ बैलांत शिरली. तिच्या वडिलांकडं बैलांची नांगरट आहे. तिनं एका खिलाऱ्याच्या खांद्यावरून हात फिरवला, वाकून खूर बघितला, मग ओठ उचलून दात मोजले. भोवती माणसं जमली.

"बाई जाणकार हाय राव!" बैलवाला खूश झाला. "पावणं, कुठल्या म्हनायच्या ह्या?"

"आमच्याच," बबन म्हणाला.

हिरुतनं मला बैलाचं नाव विचारायला लावलं. सर्जा, असं उत्तर आलं. मग म्हणाली, "विचार, विकल्यावर याचं नाव बदलतात का?"

मी विचारलं. बैलवाल्यानं माझ्याकडं खुळ्यासारखं बघितलं. "आता मालक बदलला म्हून नाव कशापायी बदलायचं? बैल त्योच हाय न्हवं?"

हे भाषांतर करून सांगायची माझी छाती झाली नाही. पण तिनं बैलवाल्याचा चेहरा वाचला असावा. जीपमध्ये बसताना ती सकाळपासून पहिल्यांदा हसली, आणि ते हसू माझ्या बाजूचं नव्हतं.

बेल्ह्यातून उजवीकडं वळलं की कुकडी नदी ओलांडून पारगाव, मग लोणी. लोणीच्या जवळ आमचं गाव. नाव लिहीत नाही, तात्यांनी तशी ताकीद दिली आहे. दोन्ही अंगांना कांदा, मध्ये मध्ये हुरड्यात आलेली ज्वारी, आणि संध्याकाळचं ऊन त्या कणसांवर. मी पाच वर्षांनी येत होतो. प्रत्येक विहीर, प्रत्येक बाभूळ मला ओळख देत होती.

आई दारात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं तो हिरुतवरून ओवाळून टाकला, तिच्या डोळ्यांना पाणी लावलं, दोन्ही हात तिच्या गालांवरून फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "ये गं सगुणा. आत ये."

हिरुतनं माझ्याकडं बघितलं. घरात आई आणि तात्या सोडून कुणीही नव्हतं. ती खळखळून हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि मीही हसलो. विमानतळावरच्या बाईंचं म्हणणं खरं निघालं. मग तिचं हसणं थांबलं.

"आईंना सांग, मी आत येते. पण हिरुत म्हणून."

"काय म्हनती?" आईनं विचारलं.

"दमलीय म्हणते," मी म्हटलं. आयुष्यात इतकं पुचाट भाषांतर मी कधी केलं नसेल.

रात्रीच्या जेवणाला मासवडी होती. आमच्या भागात आलात तर ही खाल्ल्याशिवाय जाऊ नका. नावात मासा असला तरी आत खोबरं, तीळ, लसूण, वरून बेसनाचं पातळ पांघरूण, आणि सोबत जाळ रस्सा. उपासाचं कळल्यावर आईनं तूप वाढायचं थांबवलं, "आमच्यात बी असतंय की," एवढंच म्हणाली. हिरुतच्या घरी बेसनाचं पिठल्यासारखंच कालवण करतात. तिनं तीन भाकरी खाल्ल्या.

जेवताना तात्यांनी कार्यक्रम काय केला ते सांगितलं. फोटो पाटावर ठेवला, समोर तांदळाचं ताट मांडलं, भावकीतल्या बायका बोलावल्या. नाव आईनंच लिहिलं, स्वतःच्या बोटानं. मग पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी तात्यांनी जाऊन सुनेचं नाव रेशनकार्डात घालून घेतलं. साखर वाढून मिळाली, हेही त्यांनी अभिमानानं सांगितलं.

"पण सगुणा?" मी म्हटलं. "आजकाल कोण ठेवतं असलं नाव? पूजा नाही, सोनाली नाही."

"तुझ्या आयनं ठरवलं," तात्या म्हणाले. आई उठून चुलीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस पाटील आले. गावात परदेशी माणूस आलं की ठाण्याला कळवायचं काम त्यांचं. नाव रामभाऊ, तात्यांचे जुने सोबती. मी त्यांना अडचण सांगितली. ते म्हणाले, सोपं आहे, मी जबाब लिहून घेतो की सगुणा नावाची वेगळी बाई या घरात नाही, तो घोडेगावला तहसीलला दाखवा, नाव कमी करून घ्या, मग पुण्याला जा. ओट्यावर सतरंजी टाकली. हिरुत खांबाला टेकून बसली, आई उंबऱ्यात.

रामभाऊंनी चष्मा लावला. "हां. सगुणा हे नाव कुणी ठिवलं?"

"मी," आई म्हणाली.

"का ठिवलं?"

"लिवायला लागतंय का ते?"

"तसं न्हाई. पर साहेब इचारतील, हेच नाव का. दुसरी कुनी व्हती का म्हून."

आई बराच वेळ बोटांत पदर गुंडाळत राहिली. मग खाली बघून म्हणाली, "ते माझं नाव व्हतं."

माझी आई शांताबाई. माझ्या शाळेच्या दाखल्यावर, बचत गटाच्या पुस्तकात, सगळीकडं शांताबाई. तिला आधी काही वेगळं नाव असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. पेठ तिचं माहेर, पुणे-नाशिक रस्त्यावरचं. तिथं माझे मामा तिला ताई म्हणतात.

तात्या घसा खाकरून म्हणाले, "थोरल्या वैनी बी सगुणाच व्हत्या ना. एका घरात दोन सगुणा कशा चालायच्या? म्हून हिचं शांता केलं. त्यात काय? समद्यांचीच बदलायची." चुलतीला मी जन्मभर थोरली आई म्हणत आलो, तिचंही नाव मला ठाऊक नव्हतं.

हिरुत माझा दंड हलवत होती, काय चाललंय, काय म्हणाल्या? मी सांगितलं. या वेळी एक शब्दही गाळला नाही. ती ओट्यावरून उठली आणि आईच्या शेजारी उंबऱ्यातच जाऊन बसली. उंबऱ्यात बसू नये म्हणतात, पण आईनं सरकून तिला जागा दिली.

"विचार त्यांना, नाव बदललं तेव्हा काय वाटलं?"

आई हसली. "काय वाटायचं? दोन महिनं कुनी शांता म्हनलं की मी मागं बघायची, कोन आलंय म्हून." मग म्हणाली, "थोरल्या जाऊबाई गेल्या, त्याला बारा वर्सं झाली. म्हनलं आता नाव रिकामं हाय. घरात कुनाला तरी त्या नावानं हाक मारावी. मला कुनी मारनार न्हाई, म्हून मीच मारीन." आणि हिरुतकडं वळून, तिला मराठी कळत नाही हे विसरून, म्हणाली, "तुझं घ्यायचं नव्हतं गं मनात. माझं द्यायचं व्हतं."

मी चौतीस वर्षांचा होतो. या बाईच्या हातचं खाऊन वाढलो होतो, आणि तिचं नाव मला एका परक्या माणसानं खिडकीतून विचारलं म्हणून कळलं. मला इतकी लाज वाटली की मी विहिरीवर जाऊन उगीच मोटार चालू करून आलो.

परतलो तेव्हा आईनं जबाबाखाली सही केली होती. वळणदार, सावकाश अक्षरात: शांताबाई. "खोडून आन ते कार्डावरचं," मला म्हणाली. "तिचं काम अडाय नको. नाव तिच्या बापानं ठिवलंय, ऱ्हाऊ दे."

तिसऱ्या दिवशी तात्या आणि मी मंचरमार्गे घोडेगावला गेलो. एसटी आहे, पण मंचरला बदलावी लागते, त्यापेक्षा जीप बरी. काम दुपारपर्यंत झालं. कारकुनानं पट्टी लावून लाल शाईनं सगुणावर रेघ मारली आणि खाली हिरुत लिहिलं. तात्या ती रेघ वाळेपर्यंत कार्ड उघडं धरून उभे होते. येताना एसटी स्टँडवर चहा घेतला, तर म्हणाले, "पट्टी लावून खोडलं रे त्यानं. हातानं खोडलं असतं तरी चाललं असतं."

सहाव्या दिवशी पुणे. सकाळी सातला निघा, म्हणजे दहाच्या आत पोचता. पासपोर्ट, व्हिसा, लग्नाचा दाखला, रेशनकार्ड, सहा फोटो आणि प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स घ्या. चार तास लागले, पण माणसं बरी भेटली. हिरुतला नोंदणीची पुस्तिका मिळाली, त्यावर तिचं आणि तिच्या वडिलांचं नाव जसंच्या तसं. मुदतीतले आठ दिवस अजून हातात होते. बाहेर येऊन तिनं परतीचं तिकीट पर्समधून काढून माझ्या खिशात घातलं. राजगुरुनगरच्या पुढं घाट चढताना ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, आणि पेठ आल्यावर मी तिला उठवलं. "हे सगुणाचं गाव," मी म्हटलं. ती काच खाली करून बघत राहिली. रस्त्याकडची दुकानं, एक पिंपळ, सायकल धरून चाललेली शाळेची एक मुलगी, आणि सगळ्यावर मावळतीचं पातळ ऊन. तेवढ्यात गाव मागं पडलंसुद्धा.

घरी पोचलो तेव्हा आई गोठ्यात होती, आमच्याकडं पाठ करून. हिरुतच्या देशात मोठ्या बाईला नुसत्या नावानं हाक मारत नाहीत, आधी एमामा म्हणतात, म्हणजे आई. हिरुतनं अंगणातूनच हाक दिली, "एमामा सगुणा!"

"ओ!" आई म्हणाली. लगेच, विचार न करता, लांबून कुणी बोलावल्यावर पोरी देतात तसा मोठ्यानं ओ. मग तिचं तिलाच कळलं काय झालं ते. तिनं वळून आमच्याकडं बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

तात्या ओट्यावर सुतळी वळत होते. त्यांचा हात थांबला. "पेठला बघाय गेलतो," ते कुणाकडंच न बघता म्हणाले, "तवा आतून असंच ओ दिलंवतं हिनं."

"काहीतरीच तुमचं," आई म्हणाली आणि पुन्हा गाईकडं वळली.

आता आम्ही नारायणगावला राहतो. माझं पॉलिहाउसचं काम आहे, फुलांची निवड अजूनही हिरुतच करते आणि माझ्यावर मुकादमकीही. तिच्या नावाचा उच्चार बाजारात प्रत्येक जण आपापल्या परीनं करतो, ती प्रत्येकाला न कंटाळता दुरुस्त करते. सरकारी कागदांवर आई शांताबाईच आहे आणि राहील, ते बदलायला ती तयार नाही. म्हणते, पेन्शनची भानगड होईल. प्रवासाचं विचाराल तर एवढंच सांगतो: कागद द्यायच्या आधी वाचा, थंडीत माळशेजला थांबा, मासवडी खा.

परवा गावी फोन केला, तात्यांनी उचलला. पाणी किती दिवसांनी सुटतं, कांद्याचा भाव काय, सगळं बोलून झालं. मी म्हटलं, आईकडं द्या. तात्यांनी रिसीव्हर बाजूला धरून घरात हाक मारल्याचं मला ऐकू आलं, "सगुणा, दत्ताचा फोन."